प्लॉट मागितला, जंगल मागायचं राहून गेलं



वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. तो कोणी आपल्याला फुकट दिला नाही, मोर्चे काढून पायाची सालं निघाली तेव्हा मिळाला. पण कायदा आल्यावर आपण काय केलं? ज्याने त्याने आपापल्या प्लॉटचा दावा भरला. दंडाच्या पावत्या शोधल्या, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, मोजणीवाल्याच्या मागे बांधाबांधाने फिरलो. ते करायलाच पाहिजे होतं. पण आम्ही कार्यकर्तेसुद्धा मीटिंगमध्ये तेवढंच सांगत हिंडलो. चूक आमचीपण आहे.

आता बघा. तीन एकर कसणाऱ्याला पट्टा मिळाला तीस गुंठ्यांचा. तो कागद ट्रंकेत ठेवून आपण खूश. आणि बांधाच्या पलीकडचं जंगल? हिरडा, मोह, कंद, शेवळं, राबाचा पाला, गुरांचं चराण, देवाची जागा, हे कोणाचं? प्लॉटचं भात-नागली चार महिने पुरतं. पुढे जंगलच पोसतं, आणि तेही पुरत नाही म्हणून वीटभट्टी.

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या चराणात खड्डे मारले, सागाची रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं. कुठेतरी प्रकल्पासाठी जंगल तोडलं, त्याची भरपाई म्हणे आमच्या चराणात! पाड्यावरची एक आजी गार्डाला बोलली, "साग बकरी खात नाय, आम्हीपण खात नाय. मंग लावता कोणासाठी?" गार्ड नुसता हसला. आमच्याकडे त्याला दाखवायला कागद नव्हता.

कागद मिळू शकतो. त्याच कायद्यात गावाने राखलेल्या जंगलावर गावाचा हक्क लिहिलेला आहे. राखायचा, वाढवायचा आणि वापरायचासुद्धा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवला. तरी बांबू विकायला वाहतुकीचे पास मिळेनात. गाव भांडत राहिलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं. म्हणजे हक्काचा कागद मिळाल्यावरही भांडावंच लागलं, हे ध्यानात ठेवा.

सरकार आपल्याला शेळी देतं, ताडपत्री देतं, फोटो काढतं. घ्या, नको कशाला म्हणायचं. पण जंगलाचं काय करायचं हे गावाला न विचारता ठरणार असेल तर ती शेळी चरणार कुठे?

म्हणून सामूहिक दावा भरा. त्याचा फॉर्म वेगळा असतो. ग्रामसभा पाड्याची घ्या, ग्रामपंचायतीच्या ऑफिसातली नको, तिथे आपला आवाज बुडतो. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा तरी बाया, असा नियमच आहे. बायांचे अंगठे घरी जाऊन घेऊ नका, मागे काही पाड्यांत तसं झालंय. कोणता कंद कुठे निघतो, कोणतं पाणी मे महिन्यात टिकतं, हे त्यांनाच माहीत. त्या नसतील तर नकाशा चुकणार. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, साठ दिवसांत अपील करता येतं.

शेजारच्या पाड्याशी हद्दीचा वाद असेल तर दोन्हीकडची म्हातारी माणसं घेऊन आधी शिवेवर जाऊन बसा. आपण मिटवला नाही तर तो प्रांताकडे जाईल, आणि दोन्ही पाड्यांचे दावे तिथेच पडून राहतील. लावणीला हात घालायच्या आधी हे उरकून घ्या.