घरच्यासारखं आणि स्वस्त

गेली काही वर्षं मी वर्षातले दोन-तीन महिने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भाचीकडे असते. तिथे घडलेली एक गोष्ट सांगते. गोष्ट लहानशी आहे, पण ती सांगताना मला स्वतःचीच लाज वाटते.

एका रविवारी आम्ही पाच मराठी बायका ए गाडीने शेवटच्या लेफर्ट्‌स स्टेशनपर्यंत गेलो. खाली लिबर्टी अ‍ॅव्हेन्यू लागतो. गयाना आणि त्रिनिदादहून आलेल्या लोकांची ही वस्ती. साड्यांची दुकानं, देवळं, आणि चार पावलांवर एकेक रोटीचं दुकान. असल्याच एका दुकानात आम्ही शिरलो. काउंटरमागे साठीची बाई होती, गयानाची. येणारा प्रत्येक जण तिला ‘आंटी’ म्हणत होता. आमचे पंजाबी ड्रेस पाहून तिने विचारलं, “इंडियाहून?” आम्ही हो म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. तिच्या आजीची आजी तिकडूनच आली होती म्हणे, गाव मात्र ठाऊक नाही. मग तिने आग्रह केला, “धालपुरी घ्या.”

आमच्यातली एक मराठीत म्हणाली, “अगं, ह्यांना धड डाळसुद्धा म्हणता येत नाही!” सगळ्या हसल्या. मीही हसले. खाऊन झाल्यावर दुसरी म्हणाली, “छान होतं हो, अगदी घरच्यासारखं. पण एका पोळीला एवढे डॉलर?” आणि निघताना टीप कुणीच ठेवली नाही. “इथे कुणी वाढलं कुठे? आपणच तर ताटं उचलून आणली!”

त्याच आठवड्यात आम्ही याच पाचजणी एका इटालियन हॉटेलात गेलो होतो. उकडलेल्या कणकेच्या पट्ट्यांना माणशी तीस डॉलर मोजले, वर वीस टक्के टीप दिली, आणि बाहेर पडताना ‘अँबियन्स’ची तारीफ केली. तेव्हा किमतीबद्दल कुणाच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता.

हे असं का झालं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. मैत्रिणींनो, तो तुमच्यासमोर मांडते.

आधी त्या धालपुरीबद्दल. पिवळ्या वाटाण्याची डाळ अर्धवट शिजवायची, जिरं, लसूण, मिरची घालून कोरडी वाटायची, कणकेच्या गोळ्यात भरायची, आणि फुटू न देता पातळ लाटून तव्यावर भाजायची. म्हणजे आपली पुरणपोळीच, गुळाशिवायची आणि तिखट. पुरण बाहेर न येता पोळी लाटायला किती वर्षं हात बसावा लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच काचेच्या कपाटात ‘सहीना’ होता. अळूची पानं आणि डाळीचं पीठ. आपल्या अळूवडीची सख्खी चुलत बहीण. त्या स्वयंपाकघरात तव्याला तवा म्हणतात, लाटण्याला बेलना, भाजीला तरकारी, भाजलेल्या वांग्याला चोखा.

हे शब्द तिथे पोचले ते मळ्यांसाठी नेलेल्या मजुरांबरोबर. कॅरिबियन बेटांवरची गुलामगिरी संपल्यावर ऊस तोडायला माणसं हवी होती, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. गयानात पहिली जहाजं १८३८ साली लागली, त्रिनिदादला १८४५ साली. १९१७ साली ही भरती थांबली, तोवर गयानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार माणसं उतरली होती. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. बायका इतक्या कमी जात, की दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका तरी असाव्यात असा नियम सरकारला करावा लागला. आणि ज्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळजणी एकट्या होत्या. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, घरातून पळालेल्या. गायत्रा बहादुर या गयानात जन्मलेल्या पत्रकार बाईंनी ‘कुली वुमन’ हे पुस्तक २०१३ साली लिहिलं. त्यांची पणजी १९०३ साली कलकत्त्याहून एकटी, पोटात मूल घेऊन, जहाजावर चढली होती.

या बायकांना मळ्यावर मजुरी पुरुषांपेक्षा कमी मिळे. पहाटे चूल पेटवून स्वयंपाक, मग दिवसभर ऊस, मग पुन्हा चूल. जहाजावर सोवळं-ओवळं सांभाळणं शक्यच नव्हतं. कुठकुठल्या जातींच्या बायकांनी एकमेकींचं पाहून, मिळेल त्या जिनसांतून जो स्वयंपाक उभा केला, तो आज लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवर कागदात गुंडाळून मिळतो. आणि आम्ही हसलो कशाला, तर ‘डाळ’ या शब्दाच्या उच्चाराला.

हे एकट्या रोटीपुरतं नाही. ब्रुकलिनमधल्या जमैकन हॉटेलात जा. तिथे रताळी, सुरण, अळकुड्या अशा कंदांना मेनूवर अजून ‘प्रोव्हिजन’ म्हणतात. गुलामीच्या काळात मालक गुलामांना डोंगरउतारावरचे निकृष्ट तुकडे देत, आपलं पोट आपण भरा म्हणून. त्या तुकड्यांचं नाव ‘प्रोव्हिजन ग्राउंड’. तिथे पिकलेलं रविवारच्या बाजारात विकायला बसत त्या मुख्यतः बायका. जमैकाच्या बाजारात आजही अशा विकणाऱ्या बायका आहेत, त्यांना ‘हिग्लर’ म्हणतात. तिथला खारवलेला मासाही असाच, मळेवाल्यांनी गुलामांसाठी उत्तरेकडून आणवलेला स्वस्तातला माल. त्यातून ॲकी आणि खाऱ्या माशाचा जो पदार्थ झाला, तो आज त्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे.

भाचीमुळे मी मध्य अमेरिकेच्या लोकांच्या हॉटेलांतही जाऊ लागले. ती शाळेत शिकवते, तिला स्पॅनिश येतं. एल साल्वादोरचा ‘पुपुसा’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आपली भाकरीच आठवली. मक्याच्या पिठाचा गोळा, आत घेवड्याचं सारण नाहीतर चीज, आणि दोन्ही तळव्यांवर थापून थापून केलेली जाड चकती. त्या थापण्याचा आवाज टेबलापर्यंत येतो. सोबत आंबवलेल्या कोबीचं लोणचं. या पिठासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात. असं केल्याने मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागण्यासारखं होतं. युरोपीय लोकांनी मका नेला, पण ही रीत नेली नाही. म्हणून जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत तिथे पेलाग्राचा रोग पसरला. पाट्यावर मका वाटणाऱ्या मध्य अमेरिकेतल्या बायकांच्या हाती ती रीत हजारो वर्षं होती.

एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ यादवी युद्ध चाललं. सुमारे ७५ हजार माणसं मारली गेली, लाखो देश सोडून गेली. अमेरिकेत पोचलेल्या बायकांना ना भाषा, ना कागदपत्रं. हाताला येत होतं ते थापणं. कुणी रस्त्याच्या कडेला तवा मांडला, कुणी दुसऱ्याच्या हॉटेलात उभी राहिली. २००५ साली त्या देशाने पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार त्याच्या नावाने साजरा होऊ लागला. पदार्थाचा मान झाला, ठीक आहे. पण थापणारीचं काय?

आता किमतीकडे येते. कृष्णेंदु राय या अभ्यासकांनी ‘द एथ्निक रेस्टॉरेटर’ या २०१६ सालच्या पुस्तकात दाखवलं आहे, की अमेरिकेत परक्या पदार्थाला काय किंमत मिळते ते तो करणाऱ्या लोकांच्या प्रतिष्ठेवर ठरतं. ज्यांचे लोक गरीब स्थलांतरित म्हणून येत राहतात, त्यांचं अन्न ‘स्वस्त आणि मस्त’च असावं अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. मला हे पटतं. त्यात मी एवढंच घालीन, की अन्न ‘घरच्यासारखं’ असलं तर ते आणखी स्वस्त असावं असं आपल्याला वाटतं. कारण घरचं अन्न आपण फुकट समजतो. आई करते, बायको करते, सून करते, त्याचे कुठे पैसे असतात! हा फुकटेपणा आपण हॉटेलातही बरोबर घेऊन जातो. इटालियन हॉटेलात टोपी घातलेला पुरुष शेफ असतो, तेव्हा ती कला होते. इथे एप्रन बांधलेली आंटी असते, म्हणून ती नुसती पोळी.

टीपचंही तेच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे. हा आकडा १९९१ सालापासून हललेला नाही. टीप धरूनही तासाला ७.२५ डॉलर झाले नाहीत, तर उरलेले मालकाने भरायचे. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी दर वाढवले आहेत, पण तत्त्व तेच. मजुरीचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. वाढणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. मर्जी सांभाळायची म्हणजे हसायचं, आणि कुणी हात धरला, काही वेडंवाकडं बोललं, तरी हसायचं. यात स्त्रीप्रश्न कुठे आला, असं कुणी विचारू नये.

खरं सांगायचं तर हे मला इतकं लागण्याचं कारण जुनं आहे. माझी आई परळला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, त्यात चौदा गिरणीकामगार जेवायचे. घाटावरून, कोकणातून एकटे आलेले. आई पहाटे चारला उठायची, रात्री अकराला भांडी आवरायची. वाण्याचं देणं कधी फिटायचं नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा या बायका ‘कामगार’ आहेत हे पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं. तोवर त्या कुणाच्या तरी ‘वहिनी’ होत्या. जेवणारेही म्हणायचे, “वहिनी, अगदी घरच्यासारखं.” आणि महिनाअखेरीला हिशेबात घासाघीस करायचे. १९८२ च्या संपात माणसं गावी गेली आणि आईची थकबाकी बुडाली. त्यांना दोष देत नाही, त्यांच्याकडेच नव्हतं. पण आईच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

पहिल्या पगारात मी आईला उडप्याच्या हॉटेलात नेलं. ‘फॅमिली रूम’चा पडदा सारून आम्ही बसलो. आई ताठ बसून होती, तिला खाता येईना. म्हणाली, “आत कोण भांडी घासतंय गं?” तेव्हा मला तिचा राग आला होता.

एक मैत्रीण मला म्हणते, “अगं, बाईने जन्मभर रांधायचं, आणि एक दिवस आयतं बसून खाल्लं तर त्यातही तू अपराधी वाटायला लावणार?” नाही. बाईने बाहेर जावं, मजेत खावं, एकटीनेही जावं. आयतं ताट पुढ्यात येणं हे सुख आहे आणि ते आपल्या वाट्याला फार कमी आलं आहे. माझं म्हणणं इतकंच, की माझी सुट्टी जिच्या श्रमांवर उभी आहे, तिला मी पुरता मोबदला द्यावा. दुसरी म्हणते, “त्या खुशीने करतात, त्यांचा धंदा आहे.” धंदा आहे, म्हणूनच धंद्याचा भाव द्या. खुशी ही मजुरी नव्हे.

यंदा मी एकटीच लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवर गेले. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. आंटीला सांगितलं, आमच्याकडे अशीच पोळी करतात, पण डाळीत गूळ घालतात. तिला नवल वाटलं. “गोड? मग ती आमटीबरोबर कशी खाता?” म्हटलं, खातो की, कटाच्या आमटीबरोबर! दोघी हसलो. मग ती बोलत राहिली. पहाटे चारला उठते. डॉक्टरांनी मनगटांना विश्रांती द्यायला सांगितली आहे. पीठ-तेल महागलं, पण भाव वाढवला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. “लोक म्हणतात, आंटी, रोटीच तर आहे.”

मी टीप ठेवली. पाच डॉलरच्या नोटेने त्या दिवशीचं हसणं पुसलं जात नाही, हे मला कळतं. पण त्या पाचजणींपैकी दोघींना मी हे सगळं सांगितलं. एक रागावली. दुसरी गप्प झाली, आणि पुढच्या रविवारी माझ्याबरोबर आली.

आपल्याकडे पोळी-भाजी केंद्रं आहेत, डबे देणाऱ्या बायका आहेत, दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या आहेत. “चकलीला एवढे? त्यापेक्षा मी घरी करीन” हे वाक्य आपण सगळ्याजणी म्हटलेलं आहे. पुढच्या वेळी ते तोंडातून निघण्याआधी एकदा हिशेब मांडून पाहूया. भाजणी, तेल, गॅस, आणि बाईचे तास. तासांच्या रकान्यात आपण काय लिहिणार आहोत?