तिसरी श्रेणी

आमच्या भाचीचा मुलगा न्यू जर्सींत वाढला. बेसबॉलच्या खेळांत चेंडू टाकणारा म्हणून शाळेंत त्याचें नांव झालें आणि यंदा कॉलेजाची वेळ येतांच त्याच्यापुढें दोन आमंत्रणें आलीं. एक पहिल्या श्रेणींत खेळणाऱ्या मोठ्या विद्यापीठाचें. दुसरें तिसऱ्या श्रेणींतील, लहान परंतु विद्येबद्दल नांवाजलेल्या संस्थेचें. ही वार्ता आमच्या घरीं पोहोंचली, तेव्हां रात्रीच्या पंक्तींत एकच वाद माजला. आमच्या वडील बंधूंनीं निकाल दिला, "तिसऱ्या वर्गांत का कोणी आपण होऊन जातें?" आम्हींही मान डोलाविली. मागाहून चौकशी केली, तेव्हां आमचें तें मान डोलावणें निव्वळ अज्ञानाचें ठरलें.

या श्रेणी परीक्षेंतील वर्गांसारख्या नाहींत. अमेरिकेंतील एन. सी. ए. ए. या संस्थेनें १९७३ सालीं कॉलेजांचे तीन गट पाडले, ते विद्येवरून नव्हेत, तर खेळास किती महत्त्व द्यावयाचें यावरून. पहिल्या व दुसऱ्या श्रेणींत खेळासाठीं शिष्यवृत्ति देतां येते; तिसरींत ती मुळींच देतां येत नाहीं. तेथें मदत मिळते ती अभ्यासांतील गुण किंवा घरची सांपत्तिक स्थिति पाहून. शिकागो विद्यापीठ, बाल्टिमोरचें जॉन्स हॉपकिन्स आणि मॅसॅच्युसेट्सची एम. आय. टी. या तिन्ही संस्था बेसबॉलमध्यें तिसऱ्याच श्रेणींत खेळतात. त्यांस तिसऱ्या वर्गाच्या कोण म्हणेल? उलट हार्वर्ड, येल हीं विद्यापीठें पहिल्या श्रेणींत असूनही खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत.

पहिल्या श्रेणींत गेला कीं मुलगा फुकट शिकला, हाही असाच एक भ्रम. २०२४-२५ पर्यंत तेथील बेसबॉल संघास एकूण ११.७ शिष्यवृत्त्या देण्याचीच मुभा होती आणि त्या अनेक खेळाडूंत वांटल्या जात. २०२५-२६ पासून, न्यायालयांतील तडजोड पत्करणाऱ्या विद्यापीठांपुरती ती मर्यादा गेली. मात्र संघांत ३४ च खेळाडू ठेवावयाचे, असें ठरलें. म्हणजे देणें वाढूं शकतें, पण जागांना कात्री लागली. या मुलास देऊं केलेली रक्कम खर्चाच्या चौथ्या हिश्शाइतकीच होती.

वेळेचाही हिशेब पाहावा. पहिल्या श्रेणींत हंगामांतील सामने ५६ पर्यंत, तिसरींत ४० पर्यंत. पहिल्या श्रेणींत हंगामांत आठवड्यास २० तासांची मर्यादा आहे खरी, परंतु प्रवास तींत धरीत नाहींत. ज्यास इंजिनियर व्हावयाचें आहे, त्यानें दुपारच्या प्रयोगशाळा केव्हां गांठाव्या?

तथापि महत्त्वाकांक्षेस हंसूं नये. व्यावसायिक संघांची नजर पहिल्या श्रेणीवरच अधिक असते. चार वर्षांच्या कॉलेजांतील खेळाडूस ते तिसऱ्या वर्षानंतर किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षीं निवडूं शकतात; म्हणजे बोलावणें पदवीपूर्वींच येण्याचा संभव. १९८० सालीं बिली बीन यानें स्टॅनफर्डचें आमंत्रण नाकारून न्यू यॉर्क मेट्सचे १,२५,००० डॉलर घेतले. सर्वोच्च दर्जाचे त्याचे सामने अवघे १४८ झाले. उलट माइक मुसिना यानें त्याच स्टॅनफर्डची अर्थशास्त्राची पदवी साडेतीन वर्षांत मिळविली आणि पुढें २०१९ सालीं बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्यें तो जाऊन बसला. दोन्ही उदाहरणें खरीं. पण आपला मुलगा कोणत्या वाटेचा, हें आधीं कोणी सांगावें?

अखेर आमच्या मातोश्रींनीं एकच प्रश्न घातला. "उद्यां त्याचा खांदा दुखावला, चेंडू हातीं धरवेना, तर कोणत्या ठिकाणीं राहावेंसें त्याला वाटेल? हें कोणी त्याला विचारलें का?" कोणीच विचारलें नव्हतें. आम्हीं दूरध्वनीवर विचारलें. क्षणभर थांबून तो आपल्या मोडक्या मराठींत म्हणाला, "मामाआजोबा, खांदा गेला तरी मला त्या लहान कॉलेजांतच राहायला आवडेल. आणि मोठ्या ठिकाणीं पहिलीं दोन वर्षें मला बांकावर बसवतील. मला बसायचं नाहीं, खेळायचं आहे."

त्यानें तिसरी श्रेणी पत्करली. परंतु नकाराचें पत्र धाडल्यावर त्या रात्रीं तो खोलीचें दार लावून रडला, असें भाचीनें कळविलें. पहिल्या श्रेणीचें स्वप्न तो दहाव्या वर्षापासून पाहत होता. निर्णय शहाणपणाचा होता म्हणून त्याची किंमत कांहीं कमी झाली नाहीं.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांना आमचें एवढेंच सांगणें : श्रेणीच्या आंकड्यावरून संस्थेची पारख करूं नका, शिष्यवृत्ति किती, किती वर्षांची, आणि मुलगा खरोखर खेळणार कीं बसणार, हें लेखी विचारून घ्या. मातोश्रींचा प्रश्न मुलालाच विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत मध्यें बोलूं नका. उत्तर देऊन तो रडला, तर शहाणपणाच्या गोष्टी त्या दिवशीं राहूं द्या.