आरोग्याचें पान : रोग्याची हकीगत

जखम वाहते, गांठ हातास लागते. ज्ञानतंतूंच्या विकाराचें तसें नाहीं. तेथें हात जागच्या जागीं असतो, पण उचलत नाहीं. डोळे उघडे असतात, पण समोरचें माणूस ओळखूं येत नाहीं. असा रोगी घरांतल्या मंडळींस आळशी, हट्टी किंवा सोंगाडी वाटतो. म्हणून या विकारांत रोग्याची हकीगत शांतपणें ऐकून घेणें ही निम्मी चिकित्साच होय.

हें तत्त्व ज्यांनीं सामान्य वाचकांपर्यंत पोंचविलें, त्यांत डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १९३३ सालीं लंडन येथें जन्मलेले हे डॉक्टर पुढें न्यूयॉर्कला स्थायिक झाले व २०१५ सालीं तेथेंच वारले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या निद्रारोगाच्या सांथींतून वांचलेले, पण पुढें पुतळ्याप्रमाणें निश्चल झालेले कित्येक रोगी त्यांस तेथील एका रुग्णालयांत आढळले. १९६९ सालीं त्यांनीं त्यांस ‘एल-डोपा’ हें औषध दिलें, तेव्हां त्यांतील अनेक जण उठून चालूं-बोलूं लागले. दुर्दैवानें तें जागेपण पुष्कळांच्या बाबतींत फार काळ सुखाचें राहिलें नाहीं. १९७३ सालच्या ‘अवेकनिंग्ज’ या ग्रंथांत सॅक्स यांनीं हें यशापयश तर सांगितलेंच. परंतु तो रोगी मूळचा कोण, त्याचें आयुष्य कसें गेलें, हेंहि तितक्याच आस्थेनें लिहिलें. रोगाचें नांव कळलें म्हणजे रोगी कळला, असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं.

ही दृष्टि केवळ दूरदेशच्या दुर्मिळ विकारांपुरती नव्हे. आपल्या वऱ्हाडांत तिची गरज किती आहे, हें २०१७ सालच्या खरिपानें दाखविलें. त्या हंगामांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों रोगी रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षीं पऱ्हाटी पुष्कळ ठिकाणीं पुरुषभर वाढली होती. त्यामुळें फवाऱ्याचे तुषार थेट तोंडावर येत.

शेतांत ज्यास आपण ‘औषध’ म्हणतों, त्यांपैकीं मोनोक्रोटोफॉससारखीं विषें ज्ञानतंतूंवरच घाला घालतात. ज्ञानतंतु स्नायूस निरोप धाडतो तो एका द्रव्याच्या द्वारें. आणि काम होतांच तें द्रव्य नाहींसें करणारा दुसरा एक पदार्थ शरीरांत असतो. विष या दुसऱ्या पदार्थासच निकामी करतें. मग निरोप थांबतच नाहींत. घाम, लाळ व अश्रु वाहतात. डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, दृष्टि धूसर होते, स्नायु फुरफुरतात, आणि अखेर श्वासाचे स्नायुहि थकून काम सोडतात.

आतां असा एक मजूर डोळ्यांपुढें आणा. दिवसभर पंप पाठीवर वाहून तो सायंकाळीं मालकाच्या ओट्याशीं येतो. पाय लटपटतात, जीभ जड झाली आहे, मळमळत आहे. पाहणारा सहज म्हणतो, “आज यास जास्त झालेली दिसते!” ही खोटी हकीगत त्याच्या जिवावर बेतूं शकते, कारण पुढें डॉक्टरपर्यंतहि तीच पोंचते. उलट “बाबा, आज काय फवारलेंस? किती वेळ? वारा तोंडावर होता काय? अंगावर सांडलें काय?” एवढें विचारणारा मालक निदानाची वाट मोकळी करतो.

ही हकीगत पहिला उतार पडल्यानें संपत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. प्रथमचीं लक्षणें ओसरल्यावर एक ते चार दिवसांत कांहीं रोग्यांच्या मानेंतील बळ जातें व श्वास अडूं लागतो. श्रीलंकेंतील डॉक्टरांनीं १९८७ सालीं या अवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें. या वर्गांतील कांहीं विषांनीं दोन-तीन आठवड्यांनंतर पाय बधिर व लुळे पडतात. अशा माणसास “बरा झालास ना? मग कामावर कां येत नाहींस?” असें विचारणें निर्दयपणाचें होय.

आपल्यांपैकीं पुष्कळ कुटुंबांची गांवीं शेती असून ती सालदाराच्या किंवा मक्त्यानें करणाराच्या हातीं असते. त्यांनीं एवढें करावें. बाधा झालेल्यास शेतांतून दूर न्यावें; भिजलेले कपडे उतरवून साबणपाण्यानें त्याचें अंग धुवावें, मात्र धुणारानें स्वतःच्या हातांस विष लागूं देऊं नये. घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. प्रत्येक विषास उतारा सारखा नसतो, आणि शेतांत तर दोन-तीन विषें एकत्र कालविलेलीं असतात. म्हणून तीं ज्यांतून घेतलीं ते सर्व डबे बरोबर न्यावे. आणि त्या दिवशीं शेतांत जो सोबती असेल त्यासहि संगें धाडावें. रोग्याची वाचा बंद झाली, तरी त्याची हकीगत डॉक्टरांच्या कानीं गेलीच पाहिजे.