भोपळ्याचा वेल का रुसला?

बालमित्रांनो, आज एक चूक सांगते. माझीच आहे, हं!

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कुंपणावर मुलांनी लाल भोपळ्याचा वेल चढवला. पिवळीधमक फुलं आली, पण भोपळा काही धरेना. "बाई, ही वांझ फुलं. फुकट वेलाचं सत्त्व खातात," एकजण म्हणाला. मलाही ते पटलं! रोज सकाळी शाळा भरण्याआधीच मुलं फुलं खुडायची. घरोघरी भजी व्हायची.

मग एके दिवशी वेगळंच फूल दिसलं. देठ आखूड, आणि पाकळ्यांखाली गोटीएवढा इवलासा भोपळा! मुलं नाचली. पण चार-पाच दिवसांत तो पिवळा पडून गळला. एकामागून एक अशी पाच फुलं गेली. बी लावणारी मुलगी अगदी रडवेली झाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

भोपळ्याला दोन प्रकारची फुलं येतात, बरं का. लांब, बारीक देठाची ती नरफुलं. ती आधी येतात. त्यांच्या मधल्या दांड्यावर पिवळी पूड असते, तेच परागकण. गोटीवालं ते मादीफूल. गोटी म्हणजे अंडाशय, त्यात बीजांडं. फुलाच्या मधोमध चिकट कुक्षी असते. तिच्यावर परागकण पडला की त्यातून केसाहून बारीक नळी फुटते आणि वाढत वाढत थेट बीजांडात शिरते. त्या नळीतून नरपेशी येते नि आतल्या अंडपेशीशी एकरूप होते. याला म्हणतात फलन. मग बीजांडाची बी होते आणि अंडाशयाचा भोपळा.

हे परागकण जड नि चिकट. वाऱ्याने उडत नाहीत, मधमाशीच ते नेते. पण नेणार कुठून? आम्ही तर बाबाच खुडून टाकले होते!

खुडणं थांबवलं, तर नेमकी पावसाची झड लागली. मधमाश्या फिरकेनात. मग आम्हीच मधमाश्या झालो! ही फुलं पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. म्हणून सकाळी सातलाच जमलो. नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा दांडा कुक्षीवर हलकेच फिरवला. खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधला. आठवड्याभरात गोटीची मूठ झाली!

आई भोपळा चिरेल तेव्हा टपोऱ्या बिया मोजा. प्रत्येक बीसाठी एकेक परागकण कामी आलेला असतो. आकडा पत्राने कळवा. आमचा मी नंतर सांगेन!