विचारणे वेगळे, करणे वेगळे

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकावर लेख कशाला, असे कुणी म्हणेल. पण भाषा म्हटली की ती आपल्याच अंगणातली! डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेली 'सी' ही मोठी मितभाषी. तिच्यात 'इफ' लिहून सरळ अट घालता येते. तीच अट एका प्रश्नचिन्हात आणि विसर्गासारख्या दोन टिंबांतही बसवता येते. नवशिक्याला हा दुसरा प्रकार पंडिती वाटतो. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून रामायण रचले, त्यातला आनंद मी समजू शकतो. पण आर्येच्या चमत्कृतीने कुणाच्या घराचे कुलूप उघडत नाही. सीमध्ये उघडू शकते.

या भाषेत एक बरोबरचिन्ह म्हणजे 'ही किंमत ठेव', आणि दोन म्हणजे 'सारखी आहे का?' गंमत अशी, की ठेवण्याच्या क्रियेलाही स्वतःची किंमत असते, म्हणून ती अटीच्या कंसात बिनबोभाट खपते. एकाच ओळीत ठेवायचे आणि तपासायचेही, ही हुशारांची आवडती लकब.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या मूळ संहितेच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता ती साधी तपासणी: अमुक पर्याय दिले असतील आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक कळवा. शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. पण तिथे बरोबरचिन्ह एकच होते. म्हणजे प्रश्न विचारलाच नव्हता. अधिकार देऊन टाकला होता! शिवाय शून्य म्हणजे 'खोटे', त्यामुळे चूक कळवण्याची पाळीही येणार नव्हती. कंपायलरने कुरकुर करू नये म्हणून जादा कंसही घातलेला. ही प्रत मुख्य साठ्याशी जुळेना, म्हणून डाव उघडा पडला. मुख्य साठा शाबूत राहिला.

असल्या ओळी वाचण्याची डोळ्यांना सवय झालेली असते, म्हणूनच त्या लपतात. अटीने फक्त विचारावे. करायचे ते खालच्या ओळीत करावे. वेग कमी होईल ही सबबही फारशी टिकत नाही. साध्या 'इफ-एल्स'चे आणि त्याच अर्थाच्या प्रश्नचिन्हाचे आजचे कंपायलर बहुधा एकच यंत्रसंकेत बनवतात.

मी सोवळा नाही. दोन संख्यांतली मोठी निवडायची असेल, तर प्रश्नचिन्ह मीही वापरतो. त्याच्या पोटात दुसरे प्रश्नचिन्ह दिसले, की मात्र ओळ मोडतो आणि 'इफ' लिहितो, मग एकीच्या पाच ओळी का होईनात.