जुनी गाडी, लांबचा रस्ता



या आठवड्याच्या टपालात चिखलीहून एक जाडजूड पाकीट आलं. आत चार पानी पत्र आणि पेन्सिलीनं काढलेला एका गाडीचा नकाशा. पत्र लिहिणारी आपली मैत्रीण सातवीत आहे. तिच्या मामानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली आहे, २००९ सालची. मागची आसनं काढून मामानं तिथे दोन बाकं, झोपायला वर दोन फळ्या, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवली आहे. थोडक्यात, चाकांवरचं घर! दिवाळीच्या सुट्टीत सहा जणांनी या घरातून थेट गणपतीपुळ्याला जायचा बेत आहे. मामा म्हणतो, "पहाटे निघू, रात्री समुद्रावर." आई म्हणते, "ही गाडी देऊळगावराजापर्यंत पोचली तरी पुष्कळ." पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, 'मामाचं खरं की आईचं?'

चाकांवरच्या घराचं वेड काही नवं नाही, बरं का. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यानं १८८० साली एक कादंबरी लिहिली. तिच्यात वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती चाकांवरची घरं ओढत हिंदुस्थानभर फिरतो. गोष्टीची सुरुवात होते ती औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. चिखलीहून फार लांब नाही! आणि खरीखुरी चाकांवरची घरं तर गाडी लोहारांची. बैलगाडीतच संसार मांडून गावोगाव हिंडणारे, विळे-कुऱ्हाडी घडवून देणारे हे लोक तुमच्या आजोबांनी नक्की पाहिले असतील. मामाची गाडी म्हणजे त्याच वंशातली, फक्त डिझेल पिणारी.

आता प्रश्नाकडे वळू. मामा आणि आई दोघांनीही आपापला अंदाज सांगितला. गाडीला मात्र कुणी विचारलंच नाही. जुन्या गाडीचा बेत नकाशावरून ठरत नाही. ती काय पेलते, काय पेलत नाही, ते आधी बघायचं आणि मग नकाशा उघडायचा. गाडी बोलते का, असं विचाराल. बोलते! ठिकठिकाणी लिहून ठेवलेलं असतं, आपण वाचत नाही इतकंच.

पहिलं वाचन टायरचं. टायरच्या कडेला पुष्कळ अक्षरं-आकडे उठवलेले असतात. त्यांत चार आकड्यांचा एक गट शोधा, इंग्रजी अंकांत असतो. समजा तो ३८१५ आहे. याचा अर्थ हा टायर २०१५ सालच्या ३८ व्या आठवड्यात तयार झाला. कधी कधी हा आकडा टायरच्या आतल्या बाजूला असतो, मग गाडीखाली वाकावं लागतं. (गाडी उभी, इंजिन बंद आणि मोठं माणूस शेजारी असेल तरच!) रबर हे नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. वर्षानुवर्षं अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरवरची नक्षी नव्यासारखी खोल दिसते, पण कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात. अशा टायरवर सहा माणसं आणि एक घर घालून उन्हातून सुसाट निघालं, तर तो फुटू शकतो. सहा वर्षांपुढचा टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढचा, दिसायला कितीही देखणा असो, बदलून टाकावा. स्टेपनीचाही आकडा वाचायला विसरू नका. सगळ्यात जुना टायर बहुधा तीच दडवून बसलेली असते.

दुसरं वाचन वजनाचं. इथे तुमचं गणित कामाला येईल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की गाडीत शंभर किलो चढले. त्यात सहा माणसं, प्लायवूडच्या फळ्या, गाद्या, सिलिंडर, तांदळाची पिशवी आणि आजीचा लाडवांचा डबा! गाडीनं किती वजन न्यावं हे कागदपत्रांत दिलेलं असतं. खरं वजन किती भरतं ते कळायला उत्तम जागा म्हणजे वजनकाटा. कापसाच्या नि सोयाबीनच्या गाड्या ज्या काट्यावर उभ्या राहतात, त्याच काट्यावर हे घर एकदा भरून उभं करा. आकडा जास्त आला तर टाकी अर्धी करा, पाणी वाटेत मिळतं. आणि जड सामान खाली, गाडीच्या मधोमध ठेवा, टपावर नाही. टपावर वजन असलेली गाडी घाटाच्या वळणावर कशी झुकते, हे उसाची ट्रॉली पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

सामानावरून एक आठवलं. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण वाघ निघाला आणि तेराशेहून जास्त किलोमीटर हिंडून थेट आपल्या बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे हा सगळा मार्ग वनखात्याला कळला. एवढा प्रवास केला, पण बरोबर एकही पिशवी नव्हती!

आता आई-बाबांनो, पुढचे दोन परिच्छेद तुम्हीही वाचा.

खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की परिवहन कार्यालयात तिची तपासणी करून नोंदणी नव्यानं करावी लागते. २००९ सालच्या गाडीची ती मुदत २०२४ मध्येच संपली. शिवाय आसनं काढून झोपायच्या फळ्या बसवणं हा गाडीत केलेला बदल आहे. तो कार्यालयाला दाखवून, मंजूर करून घ्यावा लागतो. नाहीतर वाटेत अडवतीलच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये अशा फिरत्या घरांसाठी, कॅरव्हॅनसाठी, पर्यटनाचं धोरणही आखलं. तेव्हा हे काम आडवाटेनं करायचं कारणच नाही.

दुसरी गोष्ट दारांची. आपल्या मैत्रिणीच्या चित्रात मला एक गोष्ट खटकली. मागच्या दाराला लागूनच मोठी फळी ठोकलेली दिसते. म्हणजे ते दार उघडतच नसणार. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. ज्या बाजूला दार होतं, त्याच बाजूवर ती बस कलंडली होती. वाचलेल्यांपैकी काही जण खिडकीची काच फोडून बाहेर पडले. ही आठवण नकोशी वाटते, पण जिच्यात माणसं झोपणार त्या गाडीला बाहेर पडायचे दोन रस्ते हवेतच. फळी कापावी लागली तरी कापा. अग्निशामक नळकांडं चालकाजवळ ठेवा. काच फोडायची हातोडी सगळ्यांना दिसेल अशी लावा. आणि चालत्या गाडीत वरच्या फळीवर कुणीही झोपायचं नाही. बाकावर बसायचं आणि पट्टा लावायचा. मामा 'चालतंय रे' म्हणाला तरी चालत नाही!

स्वयंपाक गाडीबाहेर करा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. शेगडी चांगली पेटलेली असली तरी बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होऊ शकतो. त्याला ना वास ना रंग. झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. म्हणून थंडी वाजते म्हणून आत शेगडी पेटवून झोपणं, किंवा काचा लावून रात्रभर इंजिन चालू ठेवणं, दोन्ही कटाक्षानं टाळायचं. थंडीला गोधडी आहे की!

तर आता नकाशा उघडा. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा घ्या, एक दोरा घ्या. चिखलीपासून देऊळगावराजा, जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, सातारा, कराड असा रस्त्यारस्त्यानं दोरा वळवत समुद्रापर्यंत न्या. मग दोरा सरळ करून पट्टीवर मोजा आणि नकाशाच्या प्रमाणानं गुणा. सातशे किलोमीटरांच्या आसपास येईल. घाटाची वळणं दोऱ्याला कळत नाहीत, तेव्हा वर थोडे आणखी धरा. गाडी लिटरला दहा किलोमीटर धावत असेल, तर जाऊन-येऊन डिझेल किती? करा बघू हिशेब.

सातशे किलोमीटर एका दिवसात? नवी मोटार आणि दोन चालक असतील तर जमेलही. जुन्या गाडीला आणि एकट्या मामाला नाही. आपल्याच जिल्ह्यातली शेगावची पालखी बघा. दरवर्षी सातशेहून जास्त किलोमीटर चालून वारकरी पंढरपूरला पोचतात, महिनाभराच्या वाटचालीत. आज कुठे जेवण, रात्री कुठे मुक्काम, सगळं आधी ठरलेलं. घाईनं पुढचा मुक्काम आज गाठू, असं कुणी म्हणत नाही. मामाच्या गाडीनंही तसंच करावं. दिवसाला दोनशे किलोमीटर, फार तर अडीचशे. अंधार पडायच्या आत मुक्काम. चार दिवस जायला लागतील, लागू देत. वाटेत दौलताबाद आहे, वेरूळ आहे. घर बरोबर असल्यावर घाई कसली?

लांबचे लोक समृद्धी महामार्ग सुचवतील. रस्ता झकास आहे, वादच नाही. पण या प्रवासात तुम्हाला पुण्याकडे वळायचंय, आणि माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या गाडीला जुना, गावागावांतून जाणारा रस्ताच मानवतो. पट्टा तुटला, पाइप गळला, तर पाच-दहा किलोमीटरवर कुणीतरी मिस्त्री भेटतो. समृद्धीवर बाभळीखाली पंक्चरवाला बसलेला नसतो.

खरी परीक्षा शेवटच्या दिवशी आहे, आंबा घाटात. गंमत अशी की घाटाच्या आधी कोल्हापूर जिल्ह्यात एक गाव लागतं, त्याचंही नाव मलकापूर! आपलं मलकापूर घाटाखाली, त्यांचं घाटावर. घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. सारखा ब्रेक दाबत उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे काही शहाणे असतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही बंद होते आणि पाय कितीही रेटला तरी गाडी लवकर थांबत नाही. ब्रेकचं तेल जुनं असेल तर निघण्याआधीच बदला. चढताना इंजिन तापलं तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी तोंडावर उडतं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन आपल्या दोन मुलांसह शंभराहून जास्त किलोमीटर गेली. मोटारीनं केलेला जगातला तो पहिला लांबचा प्रवास. चढावर मुलं खाली उतरून मोटार ढकलत. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा तिनं चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानात मिळालं! परत आल्यावर तिनं सांगितलेल्या अडचणींवरून मोटारीत चढासाठी आणखी एक गिअर आला. मुलांनी फक्त मागे बसून चिवडा खाल्ला असता, तर ती मोटार तेव्हा चढावरच अडकली असती.

म्हणून तुम्हीही कामं वाटून घ्या. एकानं नकाशा सांभाळायचा. एकानं दर मुक्कामाला पाणी भरून घ्यायचं. एकानं वही ठेवायची: किती किलोमीटर झाले, किती डिझेल घातलं, गाडीखाली सकाळी तेलाचे डाग दिसले का, नवा कुठला आवाज येतोय का. ही वही मिस्त्रीला दाखवली की तो निम्मं दुखणं ओळखतो.

आणि गणपतीपुळ्याआधी एक छोटी फेरी करा, दोन दिवसांची. चिखलीहून बुलढाणा, तिथून राजूर घाट उतरून मलकापूर, मग नांदुरा, शेगावला मुक्काम. दुसऱ्या दिवशी खामगाव आणि परत घाट चढून चिखली. सगळी मिळून दोनशे किलोमीटरांच्या आत-बाहेर. आपला जिल्हा अर्धा घाटावर नि अर्धा घाटाखाली आहे, हे किती सोयीचं! उतरण, चढण, सपाट रस्ता, रात्रीचा मुक्काम, सगळी परीक्षा घरच्या अंगणात. गाडी बिघडली तरी काका-आत्या हाकेच्या अंतरावर.

या फेरीत गाडी नापास झाली, तर मात्र रुसायचं नाही. दुरुस्तीला पैसे आणि महिना-दोन महिने लागत असतील तर दिवाळीत एसटीनं जा. समुद्र तोच असतो. चाकांवरचं घर तोवर अंगणात उभं राहील. त्यात बसून अभ्यास करता येतो, पत्तेही खेळता येतात. वरच्या फळीवर कोण, यावरची भांडणंसुद्धा तिथे आरामात करता येतील.

आपल्या चिखलीच्या मैत्रिणीला माझं एवढंच सांगणं आहे की हे पान हाती पडलं की आधी गाडीखाली वाक, मामाला शेजारी उभं कर आणि पाचही टायरांवरचे आकडे लिहून काढ. वजनकाट्याची पावती मिळाली की तिचाही आकडा त्याच वहीत घाल, आणि दोन्ही मला कळव.