खालच्या गावची शेजारीण

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. बरं, मूळ नका शोधू. पण तुमच्या गावावरून जी नदी वाहते, तिच्या काठचं पुढचं गाव कोणतं, हे तुम्हांला ठाऊक आहे का? नसेल तर आज घरात कुणाला तरी विचाराच. कारण त्या गावात तुमची एक शेजारीण राहते. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारणीला आपण अडीनडीला वाटीभर साखर देतो, संक्रांतीला तिळगूळ देतो. खालच्या गावच्या या शेजारणीला मात्र आपण रोज, न चुकता, आपल्या मोरीतलं पाणी पाठवतो.

राग मानू नका हं. ‘‘आमची मोरी तर आरशासारखी लख्ख असते!’’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असेल. पण मोरी लख्ख झाली म्हणून तिथली घाण नाहीशी होत नाही. ती फक्त पुढे सरकते. ती कुठवर जाते, याचा हिशेब आज आपण मांडू या. वाणसामानाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बायकांना हा हिशेब काही अवघड नाही.

छत्तीस हंडे

शहराच्या पाण्याची योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला ते ६७५ लिटर होतं. त्यातलं सुमारे ८० टक्के पाणी वापरून झाल्यावर सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, असं धरून गटारांची आखणी होते. म्हणजे ५४० लिटर. हंडा १५ लिटरचा धरला, तर एका घरातून रोज ३६ हंडे! प्यायला आणि स्वयंपाकाला म्हणून जे पाणी आपण गाळून, झाकून, जिवापाड जपतो, ते फार तर दोन-तीन हंडे. तुमच्याकडे दिवसाआड पाणी येत असेल, तर हंडे कमी भरतील, इतकंच. सोय तीच.

या छत्तीस हंड्यांतले दोन-चार तर चक्क चांगल्या पाण्याचे असतात. सकाळी नळ आला, की कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून देण्याची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. भाजी शिळी होते, भात शिळा होतो, पण स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं आणि ओगराळ्यानं काढलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. नळात येण्याआधी ते धरणात कितीतरी दिवस साठलेलंच असतं! हात बुडवून पाणी काढलं, तर मात्र ते तासाभरातही बिघडेल. वापराच्या पाण्याचं पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासून कोरडं करावं, म्हणजे डेंग्यूचे डास त्यात वाढत नाहीत. उरलेलं पाणी झाडांना घालावं, नाही तर फरशी पुसायला घ्यावं.

पाच जणींची पंचगंगा

आता हे हंडे जातात कुठं, ते पाहू. उदाहरणाला कोल्हापूरची पंचगंगा घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, अशा पाच जणी मिळून ही नदी झाली आहे. यांतल्या भोगावतीवरच राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं होतं. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगा कोल्हापूरच्या घाटावर येते, पुढे इचलकरंजीला जाते, शिरोळ तालुक्यातून वाहते आणि सुमारे ८० किलोमीटरची वाट चालून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते.

म्हणजे कोल्हापूरच्या बाईची खालची शेजारीण इचलकरंजीची, इचलकरंजीच्या बाईची शिरोळकडची. आणि सगळ्यांचं शेवटी वाडी! पौर्णिमेला आपण वाडीला जातो, दत्ताचं दर्शन घेतो, नदीत उतरून ओंजळभर पाणी भक्तिभावानं डोळ्यांना लावतो. ते पाणी वर कुणाकुणाच्या मोरीपाशी भेट देऊन आलं आहे, याचा विचार त्या वेळी कोण करतं?

कोल्हापूरच्या वस्तीतून वाहणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. एके काळी ती नदी होती, आज सगळे तिला नालाच म्हणतात. शहरात सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं आहेत. तरीही शुद्ध न झालेलं पाणी नदीत मिसळल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरला काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट जलवाहिनीनं येऊ लागलं. बायकांची मोठीच सोय झाली, त्यात शंका नाही. पण गंमत बघा, प्यायचं पाणी दूधगंगेचं आलं, तरी मोरीचं पाणी पंचगंगेलाच जातं. आपण ज्या नदीचं पाणी पीत नाही, तिच्याकडे आपलं लक्ष राहत नाही. खालच्या शेजारणीची सोय कोण बघणार?

घरात दिवस गेलेली लेक असेल तर

हे सगळं नाक मुरडण्यापुरतं असतं, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. माणसं दगावली. या साथीतली कावीळ होती ‘ई’ प्रकारची. माणसाच्या मैल्यानं दूषित झालेलं पाणी पोटात गेलं, की ही कावीळ होते. बहुतेक माणसं तीतून बरी होतात. पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी खेळ होतो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते ती नेमकी याच महिन्यांत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून पाण्याचा भरवसा नसेल, गढूळ पाणी आलं असेल किंवा गावात काविळीची कुणकुण असेल, तर पाणी खळखळून उकळावं. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तशीच राहू द्यावी. मग झाकून, त्याच भांड्यात निववावं. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, पण तुरटीनं गाळ खाली बसतो, काविळीचे जंतू मरत नाहीत. फडक्यानं गाळूनही ते जात नाहीत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर गळ्यात माळ घालण्यात दिवस घालवू नका, डॉक्टरांकडे जा. बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी.

सगळं पाप बायकांच्याच माथी का?

‘‘कारखाने सोडून तुम्ही आमच्या घासणीच्या मागे लागलात!’’ असं एखादी ठसक्यात म्हणेल. तिचं म्हणणं वावगं नाही. कापडाच्या रंगाचं पाणी, साखर कारखान्यांची मळी, शेतातून वाहून येणारी खतं, हे सगळं पंचगंगेच्या वाट्याला येतं, आणि त्यांना जाब विचारायलाच हवा. पण घरांचं सांडपाणीही थोडंथोडकं नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हे चांगल्या पाण्याला जसं लागू आहे, तसंच घाणीलाही.

नदीत काय घडतं, ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. खरकटं, पेज, दूध, तेल पाण्यात गेलं, की ते कुजतं. कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. उन्हाळ्यात धार बारीक असते, बंधाऱ्याला बरगे घालून पाणी अडवलेलं असतं. अशा उभ्या पाण्यात प्राणवायू संपला, की मासे तडफडून वर येतात. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याचं अनेकदा घडलं आहे. साबणाच्या भुकटीतलं फॉस्फेट आणि सांडपाण्यातला नत्र म्हणजे केंदाळाला आयतं खतच. मग नदीवर हिरवी चादर पसरते, खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, की वारा.

आपल्या हातातलं

आता आपल्या हातात काय आहे, ते पाहू. यांत पैसे फारसे लागत नाहीत, सवय लागते.

भांडी घासायच्या आधी खरकटं केराच्या डब्यात निपटून घ्या. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा आणि तीत अडकलेलं रोज काढा. कढईतलं तळणीचं उरलेलं तेल मोरीत कधीही ओतू नका. कढई आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्या, मग घासा. साबणही कमी लागतो आणि मोरी तुंबत नाही.

कपडे धुताना भुकटी मुठीनं टाकू नका, मापानं घाला. फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, हा भ्रम आहे. उरलेला साबण कपड्यातून काढायला आणखी दोन बादल्या पाणी लागतं, ते वेगळंच. रेशमी साड्या आणि लोकरीचे कपडे रिठ्याच्या पाण्यात छान निघतात, रंगही टिकतो.

जुनी औषधं, रंगाचा डबा धुतलेलं टर्पेंटाइन, झुरळांची औषधं मोरीत रिकामी करू नका. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात काम करतात ते जिवाणू. दह्याला विरजण जपावं, तसं तिथं त्यांना हवा देऊन जपावं लागतं. औषधं नि रसायनं यांनी हे विरजण बिघडतं. घराच्या संडासाच्या टाकीतही जिवाणूच काम करतात, म्हणून ॲसिड आणि फिनेल बेतानं वापरा. आणि हो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

संडासाची टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी. उपसलेला मैला गाडीवाला कुठं नेऊन टाकतो, हे त्याला स्पष्ट विचारा. काविळीचं मूळ इथंच आहे. पाळीतले पॅड संडासात टाकू नका, कागदात गुंडाळून, वर खूण करून कचऱ्याच्या गाडीत वेगळे द्या.

राहिलं निर्माल्य. एस.टी. पुलावर आली, की खिडकीतून प्लॅस्टिकची पिशवी भिरकावून वर हात जोडायचे, ही भक्ती नदीला पेलत नाही. हारातला दोरा, तार, जरीची झालर काढून फुलं कुंडीत मातीखाली घातली, तर त्यांचं उत्तम खत होतं. तेच गुलाबाला घाला आणि तेच फूल पुन्हा देवाला वाहा. नदीची ओटी भरायची तर जरूर भरावी, पण नायलॉनचा खण नि प्लॅस्टिकच्या पिशवीतला नारळ पाण्यात सोडू नये. तो खण-नारळ काठावरच्या एखाद्या गरजू बाईच्या ओटीत घातला, तर नदी काही रागावणार नाही. गणपती शाडूचा आणावा आणि विसर्जन कुंडात किंवा घरीच बादलीत करावं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, हे आता लहान मुलंही सांगतात.

गाव करी ते राव न करी

एकटीच्या जाळीनं नदी निर्मळ होणार नाही, हे मलाही कळतं. पण बायका एकत्र आल्या, की काय होतं हे आपल्या भिशीनं आपल्याला दाखवलं आहे. पुढच्या भिशीला एक ठराव करा. चारपाच जणींनी मिळून नगरपालिकेच्या कचेरीत जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे : आमच्या गल्लीतलं सांडपाणी कुठं जातं? ते शुद्ध होतं का? होत नसेल, तर केव्हापासून होईल? उत्तर तोंडी घेऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि महिन्यानं पुन्हा जा. नळाला पाणी आलं नाही, की मोर्चा नेतोच ना आपण? मोरीच्या पाण्यासाठीही एकदा जाऊ या.

आणि एक सुचवू का? यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा मोरीची जाळी लुटा. स्वस्त आहे, रोज कामाची आहे, आणि ‘‘हे काय गं वाण?’’ असं कुणी विचारलंच, तर खालच्या गावच्या शेजारणीची ओळख करून द्यायला निमित्त मिळेल. आपल्याही वरच्या अंगाला कुठलंसं गाव आहेच की. तिथली बाई आज आपल्यासाठी काय पाठवते आहे, कोण जाणे!